जुन्या वीजबिलांच्या प्रती ऑनलाइन काढल्या, पण मागील आकारणीचा हिशेब जुळत नाही

प्रश्न
विचारणारी : जुनीफाईल

नमस्कार.

वडिलांच्या नावावर असलेल्या घरगुती वीजजोडणीचा व्यवहार अलीकडे मी पाहते. कागदी बिलांची जी फाईल होती तिच्यात पाणी शिरले, बरीचशी बिले एकमेकांना चिकटली आणि उरलेल्यांवरची शाई इतकी पसरली आहे की आकडे वाचता येत नाहीत. म्हणून गेल्या वर्षीच्या मार्चपासून या वर्षीच्या जुलैपर्यंतच्या, म्हणजे एकूण १७ महिन्यांच्या बिलांच्या प्रती वीज कंपनीच्या संकेतस्थळावरून काढून घ्याव्यात आणि हाताशी बिले आहेतच तर सगळी आकारणीही एकदा तपासावी, असे ठरवले. ते काम एका दुपारचे असेल असे वाटले होते. आज चौथा दिवस आहे.

अडचणी अशा आहेत. लॉगिन न करता ग्राहक क्रमांक टाकला तर फक्त शेवटचे बिल दिसते. खाते उघडून लॉगिन केल्यावर १२ बिलांची यादी मिळाली, परंतु ती गेल्या ऑगस्टपासून सुरू होते. त्याआधीची पाच बिले कुठेच सापडत नाहीत. यादीतल्या बिलावर टिचकी मारली की एकूण रक्कम आणि देय दिनांक दाखवणारे एकच पान उघडते, त्यात वीज आकार किती, स्थिर आकार किती, शुल्क किती, याचा तपशील नसतो.

दुसरा प्रश्न आकड्यांचा आहे. या वर्षी मार्च, एप्रिल, मे आणि जून या चारही महिन्यांच्या बिलांत वापर बरोबर १४२ युनिट दाखवला आहे, एकही युनिट कमी-जास्त नाही. त्यानंतर जुलैच्या बिलात एकदम १,०१६ युनिट आले. याच बिलात ‘समायोजन’ या नावाखाली काही रक्कम वजा केलेली आहे. मात्र मी आधीच्या चार बिलांच्या रकमांची बेरीज केली तेव्हा ती वजावटीपेक्षा बरीच जास्त निघाली, म्हणजे आमचे काही पैसे परत यायचे राहिले आहेत, असा माझा समज झाला आहे.

तिसरे म्हणजे, मे महिन्याचे बिल मी मुदतीत भरले असून बँकेच्या उताऱ्यात तशी नोंदही आहे, तरीही जूनच्या बिलात ती रक्कम थकबाकी म्हणून दाखवली आहे. ती थकबाकी मला मान्य नसल्यामुळे जून आणि जुलैची बिले भरताना मी ती वगळून केवळ चालू महिन्याची रक्कम भरली. बँकेच्या उताऱ्यात १७ भरणा आहेत, संकेतस्थळावरच्या भरण्यांच्या यादीत १६.

कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी हे सारे नेमके कसे तपासावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

उत्तर १
लिहिणारे : हिशेबनीस

जुनीफाईलताई, आपण तक्रारीआधी विचारलेत हे चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या एकाच अर्जात घातल्या तर उत्तरही तसेच गुंतागुंतीचे येईल. मी आधी प्रतींविषयी लिहितो. युनिटांच्या हिशेबाबद्दल इथे माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगणारे आहेत.

बिल आणि बिलाचा गोषवारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टिचकी मारल्यावर जे एकपानी दर्शन होते तो पैसे भरण्याच्या सोयीसाठी केलेला गोषवारा असतो, आणि मूळ बिल पीडीएफच्या रूपात वेगळे ठेवलेले असते. त्याच पानावर ‘बिल पाहा’, ‘डाउनलोड’ किंवा नुसतेच खाली रोखलेल्या बाणाचे चिन्ह असे काहीतरी असते, ते शोधा. मोबाइलच्या पडद्यावर ते अनेकदा उजव्या कडेबाहेर जाते, म्हणून हे काम संगणकावर केलेले बरे. फाईल उघडताना संकेतशब्द मागितला, तर तो कसा तयार होतो हे बहुधा बिलासोबत आलेल्या ईमेलमध्ये लिहिलेले असते.

पडद्यावरच्या पानाचीच प्रत छापून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. आकारणीचा तक्ता पुष्कळदा बिलाच्या दुसऱ्या पानावर असतो आणि पडद्यावरून छापताना नेमके तेच पान गळते. शिवाय मूळ बिल आणि नंतर पुन्हा तयार केलेली प्रत यांत फरक पडू शकतो : काही ठिकाणी जुने बिल उघडले तरी त्यात आजची थकबाकी भरून येते. त्यामुळे हातातली प्रत मूळ बिलाचीच आहे ना, हे बिल क्रमांक, बिलाचा दिनांक आणि देय दिनांक या तीन गोष्टींवरून पाहावे. फाईलीला नाव देताना आधी वर्ष, मग महिन्याचा अंक, मग ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार अंक अशा क्रमाने द्यावे. म्हणजे सगळी बिले आपोआप कालक्रमाने लागतात आणि सतरा फाईली उघडझाक कराव्या लागत नाहीत.

आता त्या पाच गायब बिलांबद्दल. संकेतस्थळावर ठराविक महिनेच ठेवण्याची पद्धत असते. त्याआधीचे बिल नष्ट झालेले नसते, ते फक्त ग्राहकाला दिसणाऱ्या यादीतून उतरलेले असते. आधी वडिलांच्या ईमेलमध्ये ग्राहक क्रमांक टाकून शोध घ्या, बिल ईमेलने येत असेल तर सगळा शोध तिथेच संपेल. ते जमले नाही तर कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज करून ग्राहकाच्या खात्याचा उतारा मागावा. पाच बिलांच्या पाच दुय्यम प्रती मागण्यापेक्षा हा उतारा मला नेहमी जास्त उपयोगाचा वाटत आला आहे, कारण त्यात महिनावार रीडिंग, युनिट, आकारणी, भरणा आणि शिल्लक एकाच ओळीत असते. अर्जावर वडिलांची सही घ्या. जोडणी त्यांच्या नावावर आहे आणि माहिती मागण्याचा हक्कही प्रथम त्यांचाच.

परंतु उतारा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. पुष्कळ बिलांवर मागील वर्षभराच्या वापराची महिनावार पट्टी छापलेली असते. आपल्याला दिसणाऱ्या सर्वांत जुन्या बिलावर, म्हणजे गेल्या ऑगस्टच्या बिलावर, ती पट्टी पाहा. तिथे त्याआधीच्या जुलैपासून मागचे महिने असतील. रकमा मिळणार नाहीत, पण युनिट मिळतील, आणि आकारणी तपासायला निम्मे काम युनिटांचेच असते.

एक सावधगिरी. संकेतस्थळाचा पत्ता शोधयंत्रातून घेऊ नका, जुन्या कागदी बिलावर छापलेला आहे तोच टाइप करा. जुन्या बिलाची प्रत हवी असलेल्या माणसाला नाडण्यासाठी हुबेहूब पाने तयार केलेली असतात. मोबाइलवर आलेला एकवेळचा सांकेतिक क्रमांक फोनवर कोणालाही सांगू नये आणि ‘मदत करतो’ म्हणून कोणी पडदा दाखवणारे ॲप उतरवायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा.

भरण्याच्या फरकाबद्दल मी नंतर लिहीन. त्यासाठी मे महिन्याची पावती लागेल, नुसता बँकेचा उतारा पुरणार नाही.

---

उत्तर २
लिहिणारा : सहजवाचक

इतक्या खोलात जाण्याची आवश्यकता आहे का? बहुतेक संकेतस्थळांवर वापराचा आलेख असतो. त्यात प्रत्येक महिन्याचा स्तंभ दिसतो आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलनाही करता येते. मी दर महिन्याला तेवढाच पाहतो. आपला जुलैचा स्तंभ बाकीच्यांच्या पाच-सात पट उंच दिसत असेल, तर मीटरमध्ये बिघाड आहे हे उघड आहे, थेट मीटर तपासणीची मागणी करावी.

---

उत्तर ३
लिहिणारे : मीटरघर

सहजवाचक यांच्या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो विरोध आलेखाला नसून आलेख कशाचा आहे हे न पाहता निष्कर्ष काढण्याला आहे. तो स्तंभ त्या महिन्यात घरात वापरलेल्या विजेचा नसतो. त्या महिन्याच्या बिलात आकारलेल्या युनिटांचा असतो. रीडिंग वेळेवर होत असेल तेव्हा या दोन्ही गोष्टी सारख्याच असतात, म्हणून फरक कधी लक्षात येत नाही. ज्या घरी चार महिने रीडिंगच झाले नाही त्या घराच्या आलेखात चार बुटके, तंतोतंत समान स्तंभ आणि त्यांच्यापुढे एक मनोरा दिसणारच, मीटर कितीही चोख असला तरी.

चार महिने बरोबर १४२ युनिट, हे वाचताच माझ्या मनात पहिली शंका सरासरी बिलाची, म्हणजे रीडिंग न झाल्यामुळे आधीच्या महिन्यांच्या सरासरीवर काढलेल्या बिलाची, आली. कोणतेही घर चार महिने ओळीने एकसारखी वीज वापरत नाही. आपण, जुनीफाईलताई, रकमा पूर्णपणे बाजूला ठेवा आणि प्रत्येक बिलातून फक्त पाच गोष्टी एका कागदावर उतरवून काढा : रीडिंगचा दिनांक, मागील रीडिंग, चालू रीडिंग, आकारलेले युनिट आणि रीडिंगचा प्रकार. शेवटच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष’, ‘सरासरी’, ‘कुलूपबंद’, ‘उपलब्ध नाही’ असा काहीतरी शेरा असतो. तो बारीक अक्षरांत असतो आणि सारे उत्तर बहुधा त्यातच असते.

मग ही साखळी तपासा. प्रत्येक बिलाचे चालू रीडिंग हे पुढच्या बिलाचे मागील रीडिंग असलेच पाहिजे. जिथे ही कडी तुटते तिथे मीटर बदललेला असतो (अशा वेळी जुन्या मीटरचे अखेरचे आणि नव्याचे सुरुवातीचे रीडिंग, दोन्ही दिसायला हवीत आणि मीटर क्रमांकही बदललेला हवा), किंवा मग कोणाची तरी चूक झालेली असते. साखळी अखंड असेल तर मधल्या बिलांत काहीही लिहिलेले असो, एकूण युनिट चुकण्याची शक्यता फार थोडी उरते. चालू आणि मागील रीडिंगमधल्या फरकाला गुणक अवयवाने गुणले की युनिट येतात. घरगुती मीटरला हा गुणक सहसा १ असतो. मोठ्या भाराच्या ठिकाणी १०० ला ५ या प्रमाणाचा करंट ट्रान्सफॉर्मर (मोठा प्रवाह ठराविक प्रमाणात कमी करून मीटरला देणारे उपकरण) लावलेला असला आणि मीटर ५ अँपिअरच्या बाजूचेच मोजत असला, तर तो २० होतो. घरगुती बिलावर १ खेरीज दुसरा आकडा दिसला, तर मात्र जरूर विचारावे.

दिवस मोजायला विसरू नका. एक रीडिंग २८ दिवसांनी आणि दुसरे ३५ दिवसांनी झाले, तर १६८ आणि २१० युनिट अशी दोन बिले येतील आणि वापर वाढल्यासारखा वाटेल; प्रत्यक्षात दोन्ही वेळा तो दिवसाला ६ युनिटच आहे. तुलना नेहमी दर दिवशी किती, अशीच करावी.

आता आपल्या बिलातला खरा कळीचा भाग सांगतो, कारण चूक होत असेल तर ती इथे होते आणि ती एकूण युनिट पाहून कधीच सापडत नाही. जिथे वापर वाढत जाईल तसा पुढच्या युनिटांचा दर वाढतो, तिथे पाच महिन्यांचे युनिट एकाच महिन्याचे समजून आकारले, तर ग्राहक विनाकारण वरच्या टप्प्यात ढकलला जातो. उदाहरणासाठी असे धरू की पहिल्या १०० युनिटांना एक पट दर, पुढच्या २०० युनिटांना दुप्पट आणि ३०० च्या वर तिप्पट. १,०१६ युनिट एकाच महिन्यात टाकले तर १०० एकपटीने, २०० दुपटीने आणि ७१६ तिपटीने, म्हणजे १०० अधिक ४०० अधिक २,१४८, एकूण २,६४८ भाग. तेच युनिट पाच महिन्यांत वाटले तर महिन्याला २०३.२ येतात, त्यांचे १०० अधिक २०६.४, म्हणजे ३०६.४ भाग आणि पाच महिन्यांचे १,५३२ भाग. वीज तीच, मीटर तोच, आणि फरक १,११६ भागांचा! चार महिन्यांच्या १४२ युनिटांपोटी प्रत्येकी १८४ याप्रमाणे ७३६ भाग आपण आधीच भरलेले आहेत. ते वजा केले, तर योग्य वाटणी झाली असल्यास ७९६ भाग देणे उरते, आणि झाली नसल्यास १,९१२.

त्यामुळे जुलैच्या बिलाच्या तपशिलात टप्पेवार तक्ता असेल तो उघडा आणि पहिल्या टप्प्यासमोर किती युनिट लिहिले आहेत एवढेच पाहा. टप्प्याची मर्यादा एका महिन्याची असेल तर वाटणी केलेली नाही. पाच महिन्यांची मर्यादा असेल तर केलेली आहे. मधल्या काळात दर बदलले असतील, तर बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस वेगळे धरून दोन तक्ते असायला हवेत.

मीटरवर शंका असेलच तर तपासणीचे शुल्क भरण्याआधी घरी एक प्रयोग करता येतो. मीटरच्या दर्शनी पट्टीवर ‘एका युनिटला ३२००’ किंवा असाच एखादा आकडा छापलेला असतो. म्हणजे एक युनिट वीज वापरली गेली की तिथला लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातले सारे काही बंद करून जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा एकच दिवा लावला, तर तासाला ०.१ युनिट लागते, म्हणजे ३२० लुकलुक. १५ मिनिटांत ८०. घड्याळ लावून मोजावे. ७८ किंवा ८३ आले तर मीटर ठीक समजावा, कारण दिव्याचा वॉट आणि घरातला दाब यांत तेवढा फरक पडतोच. १२० आले तर तपासणीचा अर्ज करावा. फ्रीज आणि वायफायचे यंत्र बंद करायचे हटकून राहून जाते, हे मात्र लक्षात असू द्या.

---

जुनीफाईल (पुढील माहिती)

आपणा दोघांचे मनापासून आभार. बाणाचे चिन्ह खरोखरच पडद्याच्या उजव्या कडेबाहेर होते. संगणकावर बाराही बिले दोन-दोन पानांची मिळाली.

मीटरघर यांनी सांगितल्याप्रमाणे पाच रकाने केले. या वर्षी फेब्रुवारीअखेरचे प्रत्यक्ष रीडिंग १८,२४० आहे. मार्च ते जून या चारही बिलांत मागील रीडिंग १८,२४०, चालू रीडिंगही १८,२४० आणि शेरा ‘कुलूपबंद’ असा आहे. जुलैमध्ये मागील १८,२४०, चालू १९,२५६ आणि शेरा ‘प्रत्यक्ष’. साखळी कुठेही तुटलेली नाही. १४२ कुठून आले तेही समजले : डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचे युनिट १३८, १४० आणि १४८ होते, त्यांची सरासरी बरोबर १४२. त्या तीन महिन्यांत घरात एकच माणूस राहत होता, त्यामुळे पुढच्या महिन्यांसाठी ती सरासरी कमी पडली यात नवल नाही. कुलूपबंद का, याचे उत्तर मात्र आमच्याच पदरात पडते. मीटर तळमजल्याच्या ओसरीत आहे आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून त्या ओसरीला आम्ही जाळीचे दार बसवून कुलूप लावले. रीडिंगसाठी आलेली व्यक्ती जाळीबाहेरूनच परत जात असावी. कोणी बेल वाजवल्याचे घरात कोणाला आठवत नाही, पण हे आता म्हणण्यात अर्थ नाही.

गेल्या ऑगस्टच्या बिलावरची पट्टी हा तर फार मोठा आधार ठरला. गेल्या वर्षी मार्च ते जुलै या पाच महिन्यांचे एकूण युनिट ९८९ भरले, म्हणजे १५३ दिवसांत दिवसाला सुमारे ६.५. या वर्षी त्याच १५३ दिवसांत १,०१६, म्हणजे सुमारे ६.६. मीटर तपासणीची मागणी करण्याचा विचार सोडून दिला आहे. तरीही दिव्याचा प्रयोग केला; ८१ मोजले.

टप्पेवार तक्त्यात आमच्या बिलावर पहिल्या टप्प्यासमोर ५००, दुसऱ्यासमोर ५१६ आणि तिसऱ्यासमोर शून्य असे आकडे आहेत. आमच्याकडचा पहिला टप्पाही योगायोगाने १०० युनिटांचाच आहे. म्हणजे वाटणी पाच महिन्यांत केलेली आहे, असे मी समजते. मग ‘समायोजना’ची रक्कम चार बिलांच्या बेरजेपेक्षा कमी का?

---

उत्तर ४
लिहिणारे : मीटरघर

बरोबर समजलात, ५०० आणि ५१६ म्हणजे वाटणी व्यवस्थित झाली आहे.

वजावटीचे कारण सरळ आहे. चार बिलांच्या एकूण रकमेत वीज आकाराबरोबर दरमहाचा स्थिर आकारही होता. जोडणी चालू ठेवण्यापोटी असलेला हा आकार वापर शून्य असला तरी लागतो, आणि त्या चार महिन्यांपुरता तो योग्यच होता. जुलैच्या बिलात तो पुन्हा पाच महिन्यांचा लावलेला नसून एकाच महिन्याचा असणार. परत यायचे ते फक्त ५६८ सरासरी युनिटांपोटी घेतलेले वीज आकार आणि त्यांवरचे शुल्क. चार बिलांतल्या या दोनच ओळी उचलून बेरीज करा आणि ती वजावटीशी ताडून पाहा. स्थिर आकार जुलैत पाच वेळा लावलेला दिसला, तर तेवढ्या एका मुद्द्यावर मात्र आपली तक्रार रास्त ठरेल.

पुढचे बिल आले की त्यात मागील रीडिंग १९,२५६ आहे याची खात्री करून घ्या. आणि जाळीच्या दाराला मीटरच्या उंचीवर वीतभर खिडकी ठेवा. पारदर्शक पत्रा लावला तरी चालेल.

---

उत्तर ५
लिहिणारे : हिशेबनीस

आता राहिला मे महिन्याचा भरणा.

बँकेच्या उताऱ्यावरून पैसे आपल्या खात्यातून गेले एवढेच सिद्ध होते. ते कोणत्या ग्राहक क्रमांकावर जमा झाले हे तिथे कळत नाही. त्यासाठी ज्या ॲपमधून भरणा केला त्यातली त्या व्यवहाराची पावती उघडावी. तिच्यावर तीन गोष्टी असतात : ग्राहक क्रमांक, व्यवहार क्रमांक आणि स्थिती. स्थिती ‘प्रलंबित’ असून पैसे काही दिवसांनी परत आले असतील, तर परताव्याची नोंद त्याच बँकेच्या उताऱ्यात वेगळ्या तारखेला, बहुधा पुढच्या पानावर असते आणि नजरेतून सुटते. स्थिती ‘यशस्वी’ असेल तर ग्राहक क्रमांकाचा प्रत्येक अंक बिलाशी बोट ठेवून जुळवून पाहावा. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वर्षानुवर्षे लोकांचे हिशेब लावताना ‘भरले तरी थकबाकी’ या तक्रारीच्या मुळाशी मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडले आहे.

आणखी एक साधे कारण असू शकते, ते आपल्या बाबतीत लागू नाही पण वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल. बिल तयार झाल्याच्या तारखेनंतर भरलेली रक्कम त्या बिलात दिसणे शक्यच नसते. मुदत उलटल्यावर, नवे बिल निघण्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पैसे भरले, तर नव्या बिलात थकबाकी छापून येते आणि प्रत्यक्षात ती नसते. भरणा कोणत्या तारखेपर्यंतचा धरला आहे हे बिलावर लिहिलेले असते, ते आधी पाहावे.

आपण जून आणि जुलैची रक्कम थकबाकी वगळून भरलीत, त्याबद्दल थोडी चिंता वाटते. आपण मनात ती रक्कम जूनची म्हणून भरली असली, तरी पुष्कळ ठिकाणी आलेला पैसा आधी व्याजाला, मग जुन्या थकबाकीला आणि उरला तर चालू बिलाला लावला जातो. म्हणून आज खात्यात मे भरलेला आणि जुलै अपुरा, असेही चित्र असू शकेल. एकूण येणे तेवढेच. फक्त कोणत्या महिन्याचे, ते नाव बदलते. हिशेब जुळवताना महिन्याच्या नावाचा आग्रह न धरता एकूण आकारणी, एकूण भरणा आणि शिल्लक असे तीन आकडे जुळवावेत. काही पैशांचा फरक दर महिन्याला राहील, तो पूर्णांकात रक्कम घेतल्यामुळे पुढच्या बिलात ओढला जातो; त्याच्या मागे लागू नये.

---

जुनीफाईल (पुढील माहिती)

मे महिन्याचा भरणा सापडला, आणि सांगायला संकोच वाटतो. तळमजल्यावर आमची दुसरी एक जोडणी आहे, तिचे बिल फार थोडे येते. माझ्या ॲपमध्ये दोन्ही जोडण्या ‘घर’ याच नावाने जपून ठेवलेल्या होत्या आणि दोन्ही ग्राहक क्रमांकांचे पहिले नऊ अंक सारखे आहेत. मे महिन्यात वरच्या जोडणीची रक्कम मी हाताने टाकून खालच्या जोडणीवर भरली. त्या खात्यात आता तेवढी जमा शिल्लक दिसते, आणि तिथले पुढचे प्रत्येक बिल तीतूनच वळते होत असल्यामुळे ‘देय रक्कम शून्य’ येत होते. ते शून्य पाहून मला दोन महिने शंका आली नाही, याचेच आता आश्चर्य वाटते.

समायोजनाचा हिशेबही लागला. चार बिलांतला फक्त वीज आकार आणि त्यावरचे शुल्क यांची बेरीज वजावटीशी पैशांपर्यंत जुळली, आणि जुलैत स्थिर आकार एकदाच आहे.

एकच शंका उरते : खालच्या खात्यातली जमा रक्कम वरच्या खात्यात वळवून घ्यावी, की ती खालच्या बिलांतून हळूहळू संपू द्यावी?

---

उत्तर ६
लिहिणारे : हिशेबनीस

दोन्ही मार्ग चालतील, पण वरच्या खात्यातली थकबाकी आजच भरून टाका. वळवून घेण्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत तिच्यावर व्याज चालू राहते आणि जोडणी तोडण्याची नोटीसही त्याच खात्यावर निघते. खाली पैसे पडून आहेत ही गोष्ट वरच्या खात्याला ठाऊक नसते. खालचे बिल फार थोडे येत असेल आणि ती रक्कम वर्षभरातही संपणार नसेल, तर अर्ज करा. त्यासोबत पावती, दोन्ही खात्यांची अलीकडची बिले आणि दोन्ही जोडण्या एकाच व्यक्तीच्या नावावर असल्याचा उल्लेख हवा. दोन नावे असतील तर ज्याच्या खात्यातून रक्कम काढायची त्याची लेखी संमती जोडावी. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

---

जुनीफाईल (अखेरची नोंद)

थकबाकी व्याजासह काल रात्री भरली आणि पावतीवरचा ग्राहक क्रमांक बोट ठेवून तपासला. खालच्या जोडणीच्या गतीने ती शिल्लक संपायला अडीच वर्षे लागली असती, म्हणून वळवून घेण्याचा अर्ज आणि गेल्या वर्षीच्या पाच महिन्यांसाठी खात्याच्या उताऱ्याचा अर्ज, असे दोन वेगळे अर्ज वडिलांच्या सहीने आज दिले. दोन्हींची पोच मिळाली. ॲपमधल्या दोन्ही ‘घर’ या नोंदी काढून टाकून ‘वर’ आणि ‘खाली’ अशी नावे, पुढे शेवटच्या चार अंकांसह, लिहिली आहेत. जाळीच्या दारात खिडकी कापून देणारा परवा येणार आहे.